वर्षाची हमी

उद्यमनगरच्या इकबाल मणेरनं आपली लाल स्पोर्ट्‌स कार विकायला काढली. इंजिनाची ताकद वाढवणारा टर्बो त्यानं स्वतः बसवलेला, आठ वर्षं जिवापाड जपलेला. आता त्याला गॅरेजसाठी नवं लेथ मशीन घ्यायचं होतं.

गाडी बघायला साखर कारखान्याचे संचालक विश्वासराव इंगवले जीपमधून आले. उतरताच ते आपल्या म्हाताऱ्या ड्रायव्हरवर खेकसले, "सोपान, इंजिन बंद कर की! डिझेल फुकट आलंय?"

"मिनिटभर निवू दे, साहेब. हिलाबी टर्बो हाय, लई तापतोय," सोपान म्हणाला.

विश्वासरावांनी लाल गाडी हायवेवर बेफाम पळवून आणली, दारात करकचून ब्रेक मारला आणि तत्क्षणी चावी काढली.

"गाडी झकास आहे. पण टर्बोचा काय भरवसा? माझ्या तीन गाड्यांचे वर्षाच्या आत जळाले. वर्षाची हमी लिहून दे, नाहीतर निम्म्या किमतीत सोड."

गॅरेजपुढं जमलेल्या बघ्यांना वाटलं, इकबाल अडकला.

इकबालनं विचारलं, "त्या तीन गाड्या कोण चालवायचं?"

"मीच. दुसऱ्याला हात लावू देत नाही."

"आणि ही जीप?"

"सोपान. सात वर्षं झाली."

"हिचा टर्बो किती वेळा बदलला?"

"एकदाही नाही."

इकबालनं कागद ओढला. "मग वर्षाची कशाला, दोन वर्षांची हमी लिहून देतो, साहेब. किंमत मात्र पुरी घेणार."

आणि सही करून त्यानं गाडीची चावी सोपानच्या हातात ठेवली.