कुमुदताईंनी निवडलेला मिक्सर

फार जुनी नाही, पण सांगण्याजोगी गोष्ट आहे. वाद्यांच्या एका दुकानात गाण्याबजावण्याचे आवाज जुळवणारे दोन मिक्सर शेजारी होते. चोवीस माइकांचा मोठा मिक्सर चार माइकांच्या छोट्याला हिणवायचा, "तुला कोण नेणार?"

एकदा कुमुदताई आल्या. आजारपणाने त्यांचा गाता गळा बारीक झाला होता. घरचा रियाज असो की देवळातलं भजन, स्वतः उचलून नेता येईल म्हणून त्यांनी छोटाच घेतला.

भजनाला तबल्याच्या दणदणाटातही त्यांचा आवाज पार शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. घरी येऊन त्यांनी त्याच्यावरून हात फिरवला. "बाळा, माझं गाणं तू परत दिलंस."

"ताई, मला निवडलंत तुम्ही, गाणंही तुमचंच," छोटा म्हणाला. "मी फक्त तबल्याला जरा दमानं घ्यायला सांगितलं."