सोनेरी शिक्क्याचा भाचा

दवाखान्यात मदतनीस नेमायचा होता आणि अर्ज दोनच आले होते. ट्रस्टचे अध्यक्ष सरपोतदार आपलं इंजेक्शन घ्यायला आले, तेव्हा बाही वर सारतच त्यांनी दोन्ही प्रमाणपत्रं शेजारी शेजारी मांडली. एक शेवंता गावितचं, वर्षभर वॉर्डात राबून मिळवलेलं. दुसरं त्यांच्या भाच्याचं, घरबसल्या मोबाईलवर मिळवलेलं, पण सोनेरी शिक्क्याचं.

"शिक्का बघा डॉक्टरीणबाई. भाचाच वरचढ आहे."

"मान्य," डॉक्टर ऊर्मिला सिरिंज काढत म्हणाल्या. "मग हे इंजेक्शन तोच देईल. बाहेरच बसलाय, बोलावते."

सरपोतदारांनी बाही हळूच खाली ओढली. "आज माझा उपास आहे."

"इंजेक्शन उपासाला चालतं."

अध्यक्षांनी सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र घडी करून खिशात घातलं. मग म्हणाले, "गावितबाई कधीपासून रुजू होतील?"