थोरलीचा राग

फार पूर्वी, पेशी म्हणजे काय हे माणसाला ठाऊकही नव्हतं तेव्हा, एका मज्जापेशीत काइनेसिन नावाचा, प्रथिनाच्या साखळ्यांनी बनलेला इवलासा हमाल होता. त्याच्या दोन थोरल्या साखळ्या पाय होऊन चालत आणि दोन धाकट्या पाठीवरचं खाऊचं गाठोडं धरून ठेवत.

एक दिवस दोघींतली एक थोरली भडकली. "चालायचं आम्ही आणि या चिमुरड्या फुकट मिरवणार? उतरा!"

"अक्का, गाठोडं कोण धरेल?" एक धाकटी म्हणाली.

"उलट बोलतेस?" थोरलीने दोघींना झटकून टाकलं. ओझं एकदम हलकं झालं, तशी ती आणखीच चिडली. "पाहिलंस, केवढ्या जड होत्या या!" ती जोडीदारणीला म्हणाली.

पेशीचं दूरचं टोक उपाशी वाट पाहत होतं. थोरली पोचली, तेव्हा पाठीवर काहीच नव्हतं.

"मग एवढी तणतणत आलीस कशाला?" टोक ओरडलं.