उशाची न्हाणी

गाव कुठलं ते विचारू नका. त्या गावात पिठाची गिरणी चालवणारा एक गडी व्हता. नाव येसबा. घरात बायको आणि म्हातारी आई. खाऊनपिऊन सुखी घर. पण गड्याला एक रोग व्हता. रात्री झोप म्हणून लागायची न्हाई. या कुशीवर, त्या कुशीवर, मग उताणा, मग आढ्याकडं बघत पडायचा. सकाळी उठला की डोळे लालभडक आणि तोंड असं, की शेजाऱ्याच्या कोंबड्या त्याच्या अंगणात यायला भ्यायच्या.

आता झोप का लागत नव्हती? सांगतो. हा बाबा रोज दुपारी दळण संपलं की गिरणीतच पोत्यांच्या थप्पीवर आडवा व्हायचा आणि दिवस कलंस्तवर घोरायचा. दळण घिऊन आलेल्या बाया भाईरनं आवाज ऐकून म्हणायच्या, "गिरणी चालू दिसती!" आत येऊन बघतात तर गिरणी बंद आणि मालक चालू. एवढं हाणून झोपल्यावर रात्री कुठली झोप येणार? शेंबडं पोरगं पण सांगंल. पण येसबाला सांगायला जायची टाप कुणाची? गडी लगेच अंगावर यायचा.

येसबाचा पलंग ज्या भिंतीला व्हता, तिच्या पलीकडं न्हाणी. आणि न्हाणीच्या पलीकडं आईची खोली. आईचे गुडघे गेले तवा येसबानंच ती न्हाणी मुद्दाम तिथं बांधली व्हती. म्हातारी खाटेवरनं उठायची, भिंतीला हात लावत लावत न्हाणीत जायची, यायची. कुणाला हाक मारायची गरज न्हाई. रात्री बादलीची कडी वाजायची, पाणी वाजायचं. येसबा जागाच असायचा. मग त्याच्या डोक्यात बसलं, ह्या आवाजापायीच माझी झोप उडती.

अशात गावात एक माणूस आला. गळ्यात माळा, कपाळाला टिळा, हातात पितळी डबी. डबीत एक सुई, सारखी थरथरणारी. म्हणायचा, "ही लांब चीन देशातली विद्या हाय. फेंगशुई! पलंग कुठं ठेवायचा, न्हाणी कुठं काढायची, सगळं ही सांगती." गावाला ते नाव काय जमलं न्हाई. डबीत सुई व्हती, म्हणून गावानं त्याला सुईवाला करून टाकला.

येसबानं त्याला घरी आणला. सुईवाल्यानं पलंग बघितला, भिंत बघितली आणि कपाळाला हात लावला.

"अरारारा! पलंगाचं उसं न्हाणीच्या भिंतीला? मालक, झोप म्हंजे पाणी असतंय पाणी. तुमच्या डोक्यातनं निघती ती सरळ न्हाणीच्या भोकातनं भाईर!"

बायको दारात उभी व्हती. म्हणाली, "मग भोकाला चिंधीचा बोळा लावू का?"

"ताई, हा चेष्टेचा विषय न्हाई."

"गप गं तू!" येसबा वरडला. "तुम्ही सांगा म्हाराज."

"पलंग फिरवा. उसं दक्षिणेला आणि पाय उत्तरेला. थांबा, उत्तर काढतो."

सुईवाल्यानं डबी खाली ठेवली. तेवढ्यात काय चाललंय ते बघायला आई आली आणि डबीच्या शेजारीच पाटावर टेकली. म्हातारीच्या दोन्ही गुडघ्यांना जत्रेतनं आणलेले लोहचुंबकाचे पट्टे बांधलेले. दुखणं वढून घेतात म्हणं. दुखणं किती वढत व्हते ते देव जाणे, पण सुई त्यांनी बरोबर वढली. सुई गरकन वळली आणि म्हातारीच्या गुडघ्याकडं बघत बसली.

"ही उत्तर!" सुईवाला म्हणाला.

येसबानं आणि बायकोनं पलंग वढला. खालनं धूळ निघाली, एक हरवलेली चप्पल निघाली. आईला वाटलं आपली अडचण व्हती, म्हणून ती पाट घिऊन समोरच्या अंगाला जाऊन बसली. सुईवाल्यानं परत डबीत बघितलं आणि दचकला.

"उत्तर फिरली!"

"म्हंजे?"

"मघाशी इकडं व्हती, आता तिकडं गेली! मालक, तुमच्या घरात उत्तरसुद्धा ठरत न्हाई. दोष लई मोठा हाय."

परत पलंग फिरवला. आई परत सरकली. परत उत्तर फिरली. शेवटी पलंग असा आडवा लागला की निम्मं दार बंद झालं. बायकोला खोलीत जायला पलंगावर चढून पलीकडं उतरायला लागायचं. येताजाता ती म्हणायची, "सरका, घाट वलांडायचाय."

आणि झोप? न्हाईच आली. कारण गडी दुपारी पोत्यावर घोरतच व्हता ना!

सुईवाला परत आला. डोळे मिटून बसला आणि म्हणाला, "पलंगानं भागायचं न्हाई. मूळ दोष न्हाणीत हाय. ती पाडा. नवी काढा पार लांब, गोठ्याच्या मागं, चिंचेखाली."

बायको पुढं झाली. "अवो, आत्याबाई तिथवर जाणार कशा? वाटेत दगडं, गोठ्याचा चिखल."

येसबानं आईकडं बघितलं. मनात असतं तर तिथंच थांबला असता. पण आईच म्हणाली, "जाईन की काठी टेकत. माझं काय मेलीचं! तुला झोप लागू दे बाळा. डोळं बघ कसं झाल्यात."

"बघ, तिची हरकत न्हाई!" येसबा बायकोला म्हणाला. "तूच लई करती."

न्हाणीच्या भिंती पाडल्या. दगडं अंगणात रचली. चिंचेखाली नवी न्हाणी झाली.

आता ही म्हातारी चहाची लई शौकीन. चहाचा वास आला की गुडघे इसरून चुलीपाशी यायची. कपानं तिचं भागायचं न्हाई, खालची बशी पण भरून, वर आणखी घोटभर. पण नवी न्हाणी झाली आणि म्हातारी म्हणायला लागली, "नको गं. पित्त व्हतं." पाण्याचा तांब्या दिला तर व्हटाला लावायची आणि तसाच खाली ठेवायची. सुनेच्या ध्यानात आलं. ती येसबाला म्हणाली, "आत्याबाई पाणी पीत न्हाईत."

"तहान नसंल!"

"एवढ्या उन्हात?"

"मला काय इचारती? मी आधीच झोपेपायी मेलोय!"

एक दिवस म्हातारी उंबऱ्यापाशी भोवंड येऊन पडली. ओठ फुटलेले, जीभ कोरडी, अंग तापलेलं. येसबा घाबरला. तिला तशीच उचलली आणि दवाखान्यात नेली. डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावलं आणि येसबाला औषध आणायला पाठवलं. तो औषध घिऊन दारापाशी आला तर आत बोलणं चाललेलं.

"आजी, खरं सांगा. पाणी का पीत नाही?"

म्हातारी हळू आवाजात म्हणाली, "पाणी पिलं की जावं लागतं बाई. आणि तिथवर पोचूस्तवर लुगडं भिजतं. मग सुनेला धुवायला लागतं. ती काय बोलत न्हाई, पण मलाच लाज वाटती. त्यापरीस न पिलेलं बरं. पर पोराला सांगू नका. झोपेपायी आधीच कावलाय बिचारा."

येसबा दारातच उभा राहिला. ह्या आईनं ह्याची लहानपणी किती वली दुपटी धुतली असतील. तिला कधी लाज वाटली व्हती का? मग आत गेला, औषध ठेवलं, आणि आईच्या पायापाशी बसून तिचे पाय चेपायला लागला.

संध्याकाळी आईला घरी आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीला कुलूप घातलं, डोक्याला मुंडासं बांधलं आणि गडी फावडं घिऊन जुन्या न्हाणीच्या जागेवर उभा राहिला. गावात बातमी जायला कितीसा वेळ! सुईवाला डबी घिऊन पळत आला.

"मालक, काय करताय! उशाला न्हाणी परत बांधली तर जन्मात झोप लागायची न्हाई. लिहून घ्या!"

येसबानं दगड उचलला. म्हणाला, "न्हाई लागली तर न्हाई लागली. जागा राहीन. म्हातारीला उठायचं असंल तर हाताला धरून नेईन. तेवढाच जागण्याचा उपयोग."

"आहो, पण दिशा तर बघा! एकदा बघू द्या!" असं म्हणत सुईवाल्यानं अंगणात डबी मांडली. शेजारी खुर्चीत आई बसलेली, पट्टे गुडघ्याला. सुई तिच्याकडं वळली. "ही बघा उत्तर!"

येसबाच्या बायकोनं तिकडं बघितलं आणि कमरेवर हात ठिवला. "आत्ता तर तिकडनंच दिवस वर आला. सूर्य आज उत्तरेला उगवला व्हय?"

मग तिनं सासूला खुर्चीसकट वढून दुसऱ्या अंगाला ठेवली. सुई गपचूप म्हातारीच्या मागं गेली. इकडं ठेवली, सुई इकडं. भिंतीवरनं बघायला जमलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. म्हातारी पण पट्ट्यावर हात फिरवत हसली. "अगं बया, म्हंजे ते उत्तर का काय ते मीच व्हय?"

सुईवाला घामाघूम. "तसं न्हाई... उत्तर कधी कधी सरकती."

"मग तू पण सरक," येसबा म्हणाला, "न्हाईतर हे फावडं सरकंल."

सुईवाला डबी काखेत मारून असा सुटला, की दिशा बघायला थांबलाच न्हाई.

येसबा कामाला लागला. दगडं वाहिली, चिखल कालवला, भिंत चढवली. बायको दगड हातात द्यायची आणि मधीच वाकडी भिंत दाखवून शिव्या खायची. दुपार झाली, ऊन तापलं, पण आडवं व्हायचं नावच न्हाई. भाकरी पण उभ्यानंच खाल्ली. दिवस मावळायला भिंती उभ्या झाल्या, वर पत्रा टाकला. येसबा हातपाय धुवायला म्हणून भाईर आला, जरा टेकतो म्हणून वाळूच्या ढिगावर बसला, आणि बसल्या जागी कलंडला. डोकं न्हाणीच्या भोकापाशी, पाय भिंतीलगत सरळ दक्षिणेला. आणि घोरणं असं, की गल्लीतली माणसं म्हणाली, येसबानं गिरणी घरी आणली वाटतं.

आत आईनं सुनेला हाक मारली. "पोरी, चहा टाक गं. बशी नको, तांब्याच भरून आण."

चहा पिऊन झाला. म्हातारी खाटेवरनं उठली, भिंतीला हात लावत लावत नव्या न्हाणीत गेली. थोड्या वेळानं बादलीची कडी धाडकन आपटली. येसबाच्या कानापाशी! गडी हलला पण न्हाई. उलट घोरणं वाढलं.

बायको कंदील घिऊन आली. "आत्याबाई, उठवू का ह्यांना? पाय दक्षिणेला केल्यात."

म्हातारी न्हाणीच्या दारातनं म्हणाली, "राहू दे. पाय आईच्या खोलीकडं हाईत ना, मग झालं. गोधडी टाक त्याच्या अंगावर."

तात्पर्य काय म्हणाल तर हे घ्या. घरात न्हाणी कुठं आणि पलंग कुठं, हे डबीतल्या सुईला इचारू नका. ज्याला तिथं रोज उठून जावं लागतं, त्या माणसाला इचारा. तो भिडेपोटी "चालंल" म्हणाला, तरी नुसतं ऐकू नका, त्याचा तांब्या रिकामा व्हतोय का ते बघा. आणि झोप पाहिजे असंल तर दुपारी काम करा, पोत्यावर लोळू नका.