ओतारी पाणी प्याला

एका गावात हैबती नावाचा ओतारी देवळांसाठी घंटा ओतत असे. एके सकाळी तो नेहमीसारखा साच्याची माती मळत बसला होता, तेव्हा थोरल्या भावाच्या गावाहून निरोप आला. भाऊ गेला. मुतखड्यानं लघवी अडली, ताप चढला, तो उतरलाच नाही. त्यांचे वडीलही असेच गेले होते.

हैबतीनं भावाचे दिवस केले आणि परत येऊन पुन्हा माती मळायला घेतली. गावच्या देवळाची मोठी घंटा ओतायची होती.

या घराण्याची एक रीत होती. भट्टी पेटली की धातूचा रस साच्यात पडेपर्यंत ओतारी पाण्याचा थेंब घेत नसे आणि जागचा उठतही नसे. दिवसभर जाळासमोर घाम गाळायचा, खारवलेल्या मिरच्या आणि सुक्या मासळीबरोबर भाकरी खायची, पण तांब्याला हात लावायचा नाही. पंचक्रोशीत या रीतीचं मोठं कौतुक होतं. ते ऐकताना हैबतीची मान ताठ होई.

भट्टी पेटवायच्या आदल्या दिवशी भाता तपासता तपासता त्याचा मुलगा सिदू कूस दाबून खाली बसला. चेहरा पांढराफटक पडला होता.

"कधीपासून?" हैबतीनं विचारलं.

"पाडव्यापासून."

"बोलला नाहीस."

"आबा, तुम्ही तरी कुठं बोलता?"

हैबतीचा हात आपल्याच कमरेवर गेला. त्याच्याही कमरेतून वर्षभर कळा येत होत्या.

तो मुलाला घेऊन विसूनाना वैद्यांकडे गेला. वैद्यांनी दोघांनाही तपासलं, खाणंपिणं विचारलं.

"घाम गाळता, खारट खाता, पाणी पीत नाही, लघवी दाबून ठेवता," ते म्हणाले. "त्यात हे दुखणं तुमच्या घराण्यातच आहे. खड्याला आणखी काय हवं?"

सिदूचा खडा अजून बारीक आहे, भरपूर पाण्यानं पडून जाईल, असं त्यांनी सांगितलं. असंच चाललं तर तोही चुलत्याच्या वाटेनं जाईल, हेही सांगितलं.

घरी येऊन हैबती डोकं धरून बसला. आजोबांपासूनची रीत गावासमोर मोडायची कशी? त्याच्या वडिलांची बहीण ठकूआत्या तिथंच वाल सोलत होत्या. त्यांनी लहानपणी आपल्या बापाची भट्टी पाहिली होती. मुशीतल्या वितळलेल्या रसात पाणी पडलं तर रस उसळतो, माणसं भाजतात, म्हणून बाबा पाण्याला जपायचे, असं त्यांनी सांगितलं.

"पाणी मुशीजवळ नको, म्हणायचे बाबा," त्या म्हणाल्या. "पोटात नको, असं कधी म्हणाले?"

दुसऱ्या दिवशी घंटा ओतताना पाहायला सगळा गाव जमला. ऊन चढलं. मुशीत धातू अजून वितळत होता. हैबती उठला, भाता एका भाऊबंदाच्या हाती दिला आणि सिदूला घेऊन बाहेर लिंबाखाली गेला. तिथं माठ ठेवलेला होता. आधी त्यानं मुलाला तांब्याभर पाणी पाजलं, मग सगळ्यांच्या देखत स्वतः प्याला.

"काय रे हैबती," पाटील म्हणाले, "आज ओतारी तहानला वाटतं."

लोक हसले. सिदूनं मान खाली घातली.

"तहान तीन पिढ्यांची आहे, पाटील," हैबती म्हणाला. "कबूल आज केली." आणि त्यानं दुसरा तांब्या भरून मुलाच्या हातात दिला.

मग तो अधूनमधून उठतच राहिला. बाहेर जाऊन पाणी पिई, लघवीला जाऊन येई, हात कोरडे करून पुन्हा मुशीपाशी बसे. दिवस कलताना रस साच्यात पडला. साचा फोडला तेव्हा घंटेवर एकही चीर नव्हती. तिचा नाद नदीपलीकडच्या वाडीत ऐकू गेला.

दिवाळीआधी सिदूचा खडा पडला. पुढं त्यानं बापापेक्षा मोठ्या घंटा ओतल्या. त्या गावात पाहुणा आला की लोक त्याला देवळातली घंटा दाखवतात, आणि ओतशाळेच्या दाराबाहेरचा माठही तितक्याच अभिमानानं दाखवतात.

हैबतीनं भावाच्या दोन्ही मुलांना बोलावून घेतलं आणि हे सारं समजावून सांगितलं. भावाला सांगायचं तेवढं राहून गेलं.

तात्पर्य: वाडवडिलांची रीत पाळताना तिच्यामागचं कारणही जपावं. तहान मारणं आणि कळ लपवणं यात मोठेपणा नाही. वेळेवर पाणी पिणं आणि दुखणं वेळेवर सांगणं यात आहे.