लोहारणीचा भाता

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या गावाचं नावसुद्धा आता कुणाला आठवत नाही. गावात एक लोहार आणि त्याची बायको राहत. तो घण मारी, ती भट्टीचा भाता ओढी. दोघांचं बरं चाललं होतं.

एकदा लोहार तापानं अंथरुणाला खिळला. म्हाताऱ्या वैद्यांनी नाडी पाहिली आणि ते म्हणाले, "दुखणं मोठं आहे. काढा वेळेवर द्या आणि याला झोपू द्या. झोप लागली तर हा वाचेल."

सांगणं सोपं होतं. पण लोहारणीचा जीव थाऱ्यावर नव्हता. नवऱ्याचे डोळे मिटले की तिला वाटे, हे आता गार पडणार. कामावरचं लोखंड गार पडू द्यायचं नाही, एवढं तिला लहानपणापासून ठाऊक. मग ती त्याला गदागदा हलवी. "अहो, डोळे उघडा. ऐकता ना?" तो बिचारा डोळे उघडी. काढा पाजताना तिचे हात असे थरथरत, की अर्धा काढा उशीवर सांडे.

वैद्य पुन्हा आले, तेव्हा नाडी आणखी मंदावली होती. काढ्यानं भिजलेली उशी पाहून सगळा प्रकार त्यांच्या ध्यानात आला. ते रागावले नाहीत. म्हणाले, "पोरी, जरा भाता ओढ बघू."

"हे असे पडलेत, अन् मी भाता ओढू? भट्टीत निखारासुद्धा नाही, बाबा."

"नसू दे. ओढ."

ती बसली आणि धडाधड ओढू लागली. राख उडाली ती थेट वैद्यांच्या दाढीवर. दाढी झटकत त्यांनी विचारलं, "अशानं काम होतं का गं?"

"नाही. नुसती राख उडते. सावकाश ओढावा लागतो."

"मग सावकाश ओढ. भाता भरेल तसा श्वास घे, रिता होईल तसा सोड."

तिनं तसं केलं. हळूहळू तिचे आवळलेले खांदे सैल झाले. अडवून धरलेलं रडू वाहून गेलं. हातांचा कंप थांबला. आणि आतल्या खोलीत, भात्याचा रोजचा आवाज ऐकता ऐकता लोहाराचा डोळा लागला.

ती आत गेली. त्याचे मिटलेले डोळे पाहून सवयीनं तिचा हात पुढं झाला. मग तिला पांघरूण संथपणे वरखाली होताना दिसलं. तिनं हात मागं घेतला आणि ती उशाशी शांत बसून राहिली. तो जागा झाल्यावर तिनं वैद्यांनी नव्यानं दिलेला काढा पाजला. एक थेंब सांडला नाही.

काही दिवसांनी ताप उतरला. नवराबायको वैद्यांच्या पाया पडायला गेली. लोहारणीचे डोळे भरून आले. "बाबा, तुमचे उपकार कसे फेडू? दुसरं औषध दिलंत म्हणून हे वाचले."

"औषध तेच होतं, लेकी. आधी ते उशी पीत होती."

लोहारीण ते उपकार विसरली नाही. गावात कुणाच्या घरी मोठं दुखणं आलं, की ती त्या घरच्या माणसाला बोलावून भात्यापाशी बसवी. "ओढ सावकाश. मग जा घरी," म्हणे.

बोध: आजाऱ्याच्या श्वासाला जपणाऱ्यानं आधी आपला श्वास सावरावा.