थंड की साधी?

त्या राज्यात सगळी भांडीच राहत, आणि तिथं कुणी काही लिहिलं तर ते गाळल्याशिवाय दुसऱ्याला वाचता येत नसे.

हे काम गाळणीकडं होतं. लेख तिच्यावर ओतायचा, जाळीवर काय अडकलं ते तिनं बघायचं आणि लिहिणाऱ्याचा हेतू ओळखून शिक्का मारायचा. शिक्के तीनच. माहिती देण्यासाठी लिहिलेलं फडताळात जाई. मन वळवण्यासाठी लिहिलेलं म्हणजे अर्ज, त्यावर राज्याचा कारभार बघणाऱ्या पंचपात्राला सुनावणी घ्यावीच लागे. करमणुकीसाठी लिहिलेलं चौकात मोठ्यानं वाचत. लोक हसत आणि आपापल्या घरी जात. तिन्हीत न बसणारं कुणी काही लिहील, हे पंचपात्राला कधी सुचलंच नव्हतं, आणि त्याला जे सुचत नसे ते त्याच्या पळीला कुठून सुचणार? तिचा जन्म त्याची री ओढण्यात गेलेला.

गाळणी काही पहिल्यापासून सरकारी नव्हती. चौकातल्या माठाच्या तोंडावर तिची जागा होती. आडातलं पाणी तिच्यातून माठात उतरायचं. कितीतरी उन्हाळे दोघांनी असे काढले. माठाला ती अण्णा म्हणायची, तो तिला बयो म्हणायचा. रोज सकाळी ती त्याला एक टिचकी मारायची, तो खण्णकन वाजायचा, आणि दिवस सुरू व्हायचा. लोक पाठीमागं 'माठ तो माठच' म्हणत, तेव्हा सगळ्यांत आधी अण्णाच हसायचे. पाणी देताना मात्र त्यांनी कुणाला तू कोण, कुठला असं कधी विचारलं नाही.

मग बाटल्या आल्या. अंगानं नितळ, पोटावर छापील मजकूर, तोंड घट्ट बंद. पंचपात्रानं ठराव केला की यापुढं चौकातला माठ भरायचा नाही. ज्याची काही तक्रार असेल त्यानं अर्ज करावा. गाळणीला बढती देऊन कचेरीत बसवलं. माठ रिकामा होत चालला.

अर्ज करा, म्हणून गाळणीनं त्यांना दोनदा सांगून पाहिलं. अण्णा म्हणाले, "जन्मभर 'घ्या' म्हणत आलो, बयो. आता 'द्या' म्हणायला जीभ वळत नाही." त्यांचा स्वभावच तसला, मोडेन पण वाकणार नाही. मातीच्या भांड्याला दुसरं जमणार तरी काय, म्हणा!

अर्जाऐवजी त्यांनी एक लेख पाठवला. तो असा होता:

"बाटलीबाईंच्या पोटावर त्यांचं पाणी कुठल्या डोंगरातलं ते लिहिलेलं असतं. माझं पाणी मागच्या आडातलं, हे चौकातल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं, म्हणून लिहायचं राहून गेलं. त्यांच्या पाण्याला शेवटची तारीख असते. माझ्या पाण्याची तारीख कुणी पाहिली नाही, कारण ते संध्याकाळपर्यंत उरायचंच नाही. मी गळका आहे, असं म्हणतात. मान्य. दिवसरात्र गळून गळून माझ्या खालच्या वाळूत मेथीचे तीन कोंब आले आहेत. परवा त्यांनी पाणी मागितलं. माझ्याकडं नव्हतं, म्हणून बाटलीबाईंना हाक मारली. त्यांनी विचारलं, 'थंड की साधी?'"

गाळणी हसली. पोट दुखेपर्यंत हसली. जाळीवर बघते तर हसूच हसू अडकलेलं. खालून काहीतरी पाझरून गेल्याचं तिला जाणवलं, जरा ओलं लागलं. पण खाली काय गेलं ते बघणं तिच्या कामात बसत नव्हतं. शिवाय तिला आनंद झाला होता. अण्णांना चारचौघांत मान मिळेल, लोक पुन्हा चौकात जमतील. तिनं मायेनंच शिक्का उचलला आणि मारला. करमणुकीसाठी.

ही बातमी सांगायला ती स्वतः गेली.

"हसलीस का?" अण्णांनी विचारलं.

"खूप हसले."

"मग?"

"मग काय, अण्णा?"

"काही नाही," ते म्हणाले. "हसलीस ना, बरं झालं."

चौकात लेख वाचला गेला तेव्हा पराती थडथडल्या, झारे एकमेकांवर आपटले, बाटल्यासुद्धा हसून गदगदल्या. ज्याच्या त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. 'थंड की साधी?' हे घरोघर म्हणीसारखं झालं. भेटला की म्हण, निघाला की म्हण. अण्णांच्या बाजूनं जाताना लोक त्यांना हात करत, वा वा म्हणत. त्यांच्या झाकणावरचं पाणी प्यायचं फुलपात्र मात्र पालथंच होतं.

कचेरीत काम वाढलं. गाळणीला आठ दिवस सवड झाली नाही. नवव्या दिवशी ती सकाळीच चौकात गेली आणि तिनं सवयीनं टिचकी मारली. बद्द आवाज आला. ती वाकली. पोटाखालून वरपर्यंत केसाएवढा तडा गेला होता. खाली वाळू पांढरी पडली होती आणि तिन्ही कोंब आडवे झाले होते. "अण्णा," ती म्हणाली. अण्णा बोलले नाहीत. तिला रडू फुटलं, आणि आपण त्या दिवशी काय हातावेगळं केलं ते तिला तिथं उभ्या उभ्या कळलं.

ती धावतच पंचपात्राकडं गेली. माझी चूक झाली, अण्णांचा हेतू तो नव्हता, शिक्का बदलू द्या, असं तिनं हात जोडून सांगितलं. पंचपात्र म्हणाला की शिक्का वाळला. पळी म्हणाली, वाळला.

तशीच ती बाटल्यांच्या फळीपुढं आली. चौकात वर्दळ होती. तिचा श्वास पुरत नव्हता.

"पाणी हवंय," ती म्हणाली. "अण्णांना. आत्ता."

पहिल्या बाटलीच्या मनात काही वाकडं नव्हतं. तिनं रोजच्यासारखंच विचारलं, "थंड की साधी?"

सगळा चौक खो खो हसला. पराती थडथडल्या. कुणीतरी गाळणीच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालं, "व्वा, बाई! तुम्हीपण?" मी खरंच मागतेय, असं ती ओरडून सांगू लागली, तशी लोकांची हसून मुरकुंडी वळली.

शेवटी एक बाटली तिच्यामागून आली. गाळणी पूर्वीसारखी अण्णांच्या तोंडावर जाऊन बसली. टोपण कट् वाजलं. कित्येक दिवसांनी ती भिजली. पाणी तिच्यातून अण्णांत गेलं, अण्णांतून तड्यावाटे वाळूत गेलं, आणि कुठंच थांबलं नाही. जाळीवर एक कणही अडकला नव्हता. गाळणी खाली वाकून ओल्या वाळूकडं बघत राहिली. चौकात लोक अजून डोळे पुसत होते.